मस्टँगच्या धरपकडीवर हरकत कशी लिहायची (नेवाडावाल्यांसाठी)

बीएलएमने (फेडरल सरकारची जमीन सांभाळणारं खातं) हेलिकॉप्टर लावून रानघोडे धरायचं ठरवलं की आपण ऑनलाइन पिटिशनवर सही ठोकतो आणि मोकळे होतो, मीही तेच करायचो. फारसा उपयोग नाही त्याचा. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला तरी तो एकच मुद्दा धरतात, मतदान थोडंच आहे ते.

आधी घोडा कुणाचा ते बघा. रेनोजवळ व्हर्जिनिया रेंजमध्ये दिसतात ते राज्याच्या शेतकी खात्याकडे येतात, रानघोड्यांना संरक्षण देणारा १९७१ चा फेडरल कायदा त्यांना लागूच नाही. मी पहिल्यांदा पानभर लिहिलं ते नेमकं त्यांच्याबद्दल आणि पाठवलं बीएलएमला, हसू नका.

मग ईप्लॅनिंगवर, म्हणजे बीएलएमच्या वेबसाइटवर, आपल्या भागाचं नाव टाकून पर्यावरण अहवालाचा मसुदा काढा. हरकत पाठवायची मुदत बहुतेकदा महिनाभराची असते. सगळा वाचत बसू नका, दोन आकडे शोधा, एक एएमएल म्हणजे तिथे किती घोडे ठेवणार तो, आणि दुसरा एयूएम, म्हणजे एका गाय-वासराला महिनाभर लागणारा चारा, त्यावरून त्याच जमिनीवर गुरांना किती चरू देतात ते कळतं. एका एयूएमला गुरंवाल्यांना २०२५ मध्ये फी होती १.३५ डॉलर, महिनाभराची! इथे चहा येत नाही त्यात.

आता लिहा, इंग्रजीत अर्थातच, पण साधं. "पान अमुकवर घोड्यांना इतका चारा आणि गुरांना इतका दाखवलाय, मग गुरं कमी करायचा पर्याय का तपासला नाही?" असं पान नंबर टाकून विचारलं की टाळणं अवघड जातं. घोडे किती गोड आहेत हे लिहू नका. कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो हे मान्य करूनच पुढे जा, आणि लगेच पीझेडपी या गर्भनिरोधक लसीचं विचारा, ती डार्टने घोडीला देतात, बूस्टर लागतो, कटकट आहे, पण मेरीलँडच्या असाटीग बेटावर १९९४ पासून याच लसीने कळप आटोक्यात ठेवलाय.

धरलेले घोडे मारण्याचा प्रश्न वेगळा. धडधाकट घोडे मारायला पैसे वापरायचे नाहीत ही अट काँग्रेस बजेटमध्ये घालते, आणि ती दर वर्षी नव्याने घालावी लागते. त्यामुळे बजेटच्या दिवसात आपल्या खासदाराच्या ऑफिसला फोन, दोन मिनिटांचं काम. रेनोच्याच वेल्मा जॉन्स्टन नावाच्या सेक्रेटरीबाईंनी रान उठवलं, शाळकरी पोरांनी ढिगाने पत्रं पाठवली, त्यातून १९७१ चा कायदा झाला, आपल्याला तर नुसता फोन करायचाय.

हो, आणि हरकतीत घरचा पत्ता, फोन टाकू नका, ती पब्लिक रेकॉर्डमध्ये जाऊ शकते. धरपकड बघायला जाणार असाल तर दुर्बीण न्या, बरंच लांब उभं करतात.