'बॉट बोलला, आम्ही नाही': एआयच्या जबाबदारीत या चुका टाळा

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा तोंड उघडायच्या आधीच कळतं. एअर कॅनडाने हेच करून पाहिलं. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, घरातल्या मृत्यूमुळे मिळणारी सवलत तिकीट काढल्यावरही ९० दिवसांत मागता येते. नियम तसा नव्हता. बॉट जे बोलला त्याला आम्ही बांधील नाही, शिवाय खरा नियम साइटवरच दुसऱ्या पानावर होता, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला: साइट तुमची, तर बॉटही तुमचाच.

दुसरी चूक, नोंदी न ठेवण्याची, माझ्या जास्त जिव्हाळ्याची, कारण तिने माझी झोप घालवलीय. एका ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवला. बॉटने पूर्ण परताव्याचा शब्द दिला होता. खरा की बनवलेला? आम्हाला सांगताच येईना. महिन्याभरात प्रॉम्प्ट (बॉटने कसं वागायचं याच्या लेखी सूचना) चारदा बदललेला, जुना कुणाकडेच नाही, लॉग (संभाषणांच्या नोंदी) आठ दिवसांनी आपोआप पुसले जात होते. मधल्या काळात मॉडेलही, म्हणजे बॉटच्या मागची एआय प्रणाली, बदललं होतं, तेही आम्हाला नंतर कळलं. शेवटी पैसे देऊन प्रकरण मिटवलं.

तेव्हापासून माझी एक साधी फाइल असते: तारीख, मॉडेलची आवृत्ती, आख्खा प्रॉम्प्ट, कुणी बदलला, का बदलला. पाच मिनिटांचं काम. "नंतर भरतो" म्हणणारे कधीच भरत नाहीत. लॉग किती दिवस ठेवायचे हे मात्र वकिलाला विचारून ठरवा. त्यात लोकांची खासगी माहिती असते.

एआय पुरवणाऱ्या विक्रेत्याच्या करारातलं दायित्वाच्या मर्यादेचं कलम, म्हणजे नुकसान झालं तर तो जास्तीत जास्त किती भरून देईल, ते सही करण्याआधी वाचा. बहुतेकदा ही मर्यादा तुम्ही मागच्या १२ महिन्यांत भरलेल्या फीइतकीच असते.

"आम्ही युरोपात नाही" हेही चालत नाही. तुमच्या सिस्टिमचं आउटपुट तिथे वापरलं जात असेल, तर तिथला २०२४ चा एआय कायदा लागू होऊ शकतो. प्रतिबंधित वापराला दंड ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत.

आणि "माणूस तपासतो" म्हणताना तो माणूस नक्की काय करतो ते बघा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले सादर झाले. वकिलाने तपासणी केली होती बरं का: ते खटले खरे आहेत का, हे त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. दंड ५,००० डॉलर.