जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलताना

चेक इंजिनचा दिवा लागला की बरेच जण आधी दुकानातून ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आणतात, मग बोनेट उघडतात. माझ्याकडे गॅरेजला २०१० च्या आसपासच्या वॅगनआर, सॅन्ट्रो, स्विफ्ट येतात आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचा सेन्सर धडधाकट निघतो. म्हणून पान्याआधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र.

पी०१३५ कोड म्हणजे पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या, सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. आधी फ्यूज बघा. मग कपलर (वायरींचा जोड) सोडवून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर (बहुतेक पांढऱ्या असतात) मल्टिमीटर धरा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे, वायरिंग तपासा. काहीच दाखवलं नाही तर सेन्सर गेला. पी०१७१ (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) आला तर मात्र घाई नको. इनटेकचा होज चिरलेला असला किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या गास्केटला लीक असला, तरी हाच कोड येतो. नवा सेन्सर टाकून दिवा परत लागणारच.

इंजिन गरम करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली व्हायला हवा. एका जागी बसला किंवा रेंगाळत हलला, आणि लीक कुठेच नाही, तर बदला.

आता खरी मेहनत. इतक्या वर्षांचा सेन्सर आट्यांत गंजून घट्ट बसलेला असतो. आदल्या रात्री गाडी गार असताना बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन थोडं कोमट करा, हातमोजे घाला, बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर सोडवा. २२ मिमीचा, वायर बाहेर निघायला खाच असलेला सॉकेट मिळतो, तोच घ्या. साध्या फिक्स पान्याने कडा झिजतात. सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर कापा आणि रिंग पाना चढवा, पकड त्याहून चांगली बसते. पहिला झटका हलकाच द्या. अर्धा फेरा सुटला आणि पुन्हा जड लागला तर जोर लावू नका. परत थोडा आवळा, स्प्रे मारा, मग सोडवा. असं पुढेमागे करत आणलं तर आटे वाचतात. आटे गेले की काम कितीतरी वाढतं.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावलेलं असतं. नसेल तर अगदी पातळ लावा, टोकाला लागू देऊ नका. आसपास सिलिकॉनचा सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. आधी हाताने फिरवा, वायरला पीळ पडू देऊ नका, मग ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा. वायर जुन्याच क्लिपमध्ये बसवा, एक्झॉस्टला टेकली तर वितळते. नव्या सेन्सरच्या वायरी कापून सोल्डर करू नका. काही सेन्सर त्या वायरींतूनच बाहेरची हवा घेतात.

कोड पुसा, चालवून बघा, पीयूसी करून घ्या. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ०.३ टक्के आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा मागचा सेन्सर कोड नसताना जोडीने बदलू नका. तो मुख्यतः कन्व्हर्टरवर नजर ठेवतो, ॲव्हरेज पुढच्याच्या हातात असतं. बदलायची वेळ आलीच, तर गाडीखाली जाण्याआधी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जाऊ नका.