रेडिएशन चालू असताना जेवण कसं सांभाळावं

"हलकं काहीतरी द्या." रेडिएशन सुरू झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण हे सांगून जातो, आणि मला आता ते ऐकवत नाही. घरातल्या आणि नात्यातल्या चार माणसांचं रेडिएशन मी स्वयंपाकघरातून काढलं आहे. दोघांचं तोंड-घशाचं, एकीचं स्तनाचं, एकीचं गर्भाशयमुखाचं. हलकं म्हटलं की लोकांच्या डोक्यात पाण्यासारखं सूप आणि फळांचा रस येतो. त्याने पोट भरतं आणि वजन उतरतं. या दिवसांत अन्न जड हवं. ताट मोठं करायचं नाही, एकेक चमचा वजनदार करायचा.

सुरू होण्याआधी

वजन करून वहीत लिहा. पुढे दर आठवड्याला, त्याच काट्यावर. तोंड-घशाचं रेडिएशन असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जाच. काढायचे दात आधी काढतात, कारण नंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. आहारतज्ज्ञांची भेट कोणी आपणहून देईल याची वाट पाहू नका, मागून घ्या.

हिशोब साधा आहे. दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी, आणि प्रथिनं किमान १ ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, यावरून काम किती आहे ते कळेल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

पहिले दोन आठवडे

नेहमीचं जेवा, भरपूर जेवा. पथ्य काही नाही.

तिसरा आठवडा

तोंड-घशाच्या रेडिएशनमध्ये खरी परीक्षा इथे असते, आणि मी इथेच आपटले. बाबांच्या ३५ सीटिंग होत्या, आठवड्याला पाच, म्हणजे सात आठवडे. बाराव्या सीटिंगपर्यंत ते व्यवस्थित जेवत होते. मग एका सकाळी त्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गालाला हात लावून बसले. तोंड आलं होतं. आतून लालभडक, त्यावर पांढरे चट्टे, लाळ दोऱ्यासारखी चिकट. मी घाबरून सगळंच पातळ केलं, दिवसभर वाटीमागून वाटी सूप. आठ दिवसांत साडेतीन किलो उतरले. किरण देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर मापाचा मास्क बसवतात, तो ढिला पडला, गालापाशी चक्क बोट आत जात होतं. मास्क नीट बसला नाही तर आखलेला डोस नेमक्या जागी पडण्याची खात्री राहत नाही, म्हणून पुन्हा स्कॅन आणि नवा मास्क. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर 'मऊ व पौष्टिक आहार घ्यावा' एवढंच होतं. कसा, ते कोणीच सांगितलं नाही. ते इथे सांगते.

आधी दुखणं, मग जेवण. हा क्रम उलटा केलात तर बाकी सगळं व्यर्थ. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक 'दुखलं तर' म्हणून ठेवायचं नाही. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलं तर चालेल का ते विचारा आणि वेळ बांधून घ्या. तेवढ्याने भागत नसेल तर तेही सांगा, औषध वाढवता येतं. सोसत बसण्यात काही शौर्य नाही. बधिर करणारं जेल दिलं असेल तर जपून, कारण बधिर तोंडाला गरम कळत नाही आणि ठसकाही पटकन लागतो.

गुळण्यांसाठी १ लिटर कोमट पाण्यात १ छोटा चमचा मीठ आणि १ छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्या. खाण्याआधी, खाल्ल्यावर आणि मध्ये आठवेल तेव्हा. चिकट लाळ सुटते, घास सरकतो. अल्कोहोल असलेला माउथवॉश घरात ठेवूच नका.

आता चमचा वजनदार कसा करायचा? अर्धा लिटर सायीच्या दुधात ४ मोठे चमचे दूध पावडर फेटून ठेवा आणि दिवसभर जिथे पाणी घालाल तिथे हे दूध घाला. सूप घट्ट करायचं तर उकडलेला बटाटा, शिजलेली डाळ, अंडं किंवा मासा त्यातच वाटून टाका, आणि वाढताना वरून १ मोठा चमचा तेल. त्या एका चमच्यात जवळपास १२० कॅलरी असतात आणि घशाला ते अजिबात टोचत नाही. दूध सोसत नसेल तर सोयाचं दूध चालतं. मिक्सरमधून काढल्यावर गाळा. एक शीत राहिलं तरी ते नेमकं जखमेवर जाऊन बसतं. आंबट, तिखट, कुरकुरीत बंद. टोमॅटोसुद्धा. आणि सगळं कोमट किंवा गार. बाबांना सगळ्यात सोपं जायचं ते फ्रीजमधलं गार कस्टर्ड.

'थोडं थोडं, वारंवार' हा सल्ला बरोबर आहे, पण घड्याळाशिवाय निरुपयोगी. सकाळी ७ ते रात्री ९, दर दोन तासांनी अर्धी वाटी. "भूक लागली का?" असं विचारू नका, भूक लागणारच नाही. मी विचारायचे, ते चिडायचे, दोघांचा दिवस खराब. शेवटी फोनवर गजर लावले. गजरावर कोणी चिडत नाही.

एक धोक्याची खूण पाठ करा. खाता-पिताना ठसका लागतोय, नंतर आवाज ओला, घरघरता येतोय, ताप आहे, तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. तोंडाने देणं थांबवा आणि त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांना कळवा. अशा वेळी साधं पाणीच अनेकदा सर्वांत धोक्याचं असतं.

आणि नळी. नाकातून किंवा पोटातून अन्न देण्यासाठी नळी घालायची वेळ आली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. माझं मत ठाम आहे: डॉक्टर म्हणत असतील तर आठ दिवस आधी घाला, आठ दिवस उशिरा नको. फक्त गिळण्याच्या थेरपिस्टने परवानगी दिली असेल तितके घोट तोंडाने चालूच ठेवायचे. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर नंतर ते सहज साथ देत नाहीत.

रेडिएशन दुसरीकडे असेल तर

स्तनाचं असेल तर जेवणात सहसा काहीच बदलावं लागत नाही. छातीच्या मधल्या भागाचं असेल तर अन्ननलिका सोलवटते, तेव्हा वरचंच सगळं लागू. ओटीपोटाचं असेल तर जुलाबांची तयारी ठेवा. ते सुरू झाले की कोंडा, साली, बिया, तळलेलं कमी करा आणि क्षार-साखरेचं पाणी द्या. पण जुलाब नसतानाच भीतीपोटी भाज्या-फळं बंद करू नका.

बाटल्या आणि अफवा

'साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल' हे सांगणारे माणसालाच उपाशी मारतात. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं, पण खाणं तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबद्दल मी कोणाचंही ऐकत नाही. रेडिएशन पेशी मारतं ते बऱ्याच अंशी मुक्त मूलकांच्या, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या अस्थिर कणांच्या मार्फत, आणि या गोळ्या नेमक्या त्यांनाच निष्प्रभ करतात. कॅनडात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांना त्रास थोडा कमी झाला, पण गाठ त्याच जागी परत येण्याचा कल जास्त दिसला. अन्नातून मिळतं ते चालेल. बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही.

बाहेरून दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सारी होत नाही. त्याची ताट-वाटी वेगळी ठेवू नका.

शेवटच्या सीटिंगनंतर

पेढे वाटून मोकळे होऊ नका. त्रास आणखी एक-दोन आठवडे वाढतो, मग हळूहळू उतरतो. चव परतायला काही महिने लागू शकतात. गुळण्या, औषधाच्या वेळा, वजनाची वही, सगळं तसंच चालू ठेवा. बाबांनी पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा भात मिक्सरमधून न काढता मागितला. अर्धी वाटी खायला पाऊण तास लागला, आणि मध्येच दुपारी तीनचा गजर वाजला.