तीन हजार रुपयांत वर्गवाचनालय: काय विकत घ्यायचं, काय मागून आणायचं

वर्गात चाळीस मुलं आणि हातात तीन हजार रुपये असले, की वाचनालय सुरू करता येतं. फक्त हे पैसे कशावर घालवायचे नाहीत ते आधी ठरवून घ्या. ठाणे-नवी मुंबईत पुस्तकं मागितली की मिळतात, पण मिळतात ती बहुतेक जाड, इंग्रजी आणि मोठ्या मुलांची. दुसरी-तिसरीतल्या मुलाला आपलं आपण वाचता येईल असं सोळा-चोवीस पानांचं मराठी चित्रपुस्तक दानात क्वचितच येतं. घरात असलंच तर ते धाकट्याने फाडलेलं असतं. म्हणून रोख पैसा या पातळ पुस्तकांसाठीच राखून ठेवा. बाकीचं मागून, रद्दीतून, छापून उभं राहतं.

खिशात हात घालण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून आलेली पुस्तकं पुष्कळदा कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद असतात. यादी करून, सही देऊन तीस-चाळीस पुस्तकं सत्रापुरती वर्गात मागून घ्या. ‘मुलं फाडतील’ ही भीती मुख्याध्यापकांना असतेच, जबाबदारी लेखी घेतली की ती कमी होते.

नवीन पुस्तकं घेताना

तीन हजारांतले २,२०० पुस्तकांना, ३०० दोरी-चिमटे-दोरा-पारदर्शक कव्हर यांना, आणि ५०० दिवाळीनंतरच्या खरेदीला ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पातळ पुस्तकं साधारण ४० ते ९० रुपयांत बसतात. म्हणजे ३० ते ३५ पुस्तकं झाली. एकदम सगळी घेऊ नका. पहिली वीस घ्या, महिनाभर कुठली पुस्तकं हातोहात फिरतात ते बघा, मग उरलेली त्या अंगाची घ्या. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून उभं आहे. तिथले किंवा जवळच्या कुठल्याही वाचनालयाचे सभासद असाल, तर मुलांची पुस्तकं आधी तिथून आणून वर्गात वाचून दाखवा. ‘बाई, तेच परत वाचा’ असं ज्यासाठी होतं, ते विकत घ्या.

प्रदर्शनात ‘पन्नास बोधकथांचा संच’ स्वस्तात मिळतो. तो घेऊ नका. बारीक टाइप, शुद्धलेखनाच्या चुका, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य. मुलं दोन दिवस हाताळतात आणि मग त्याकडे फिरकत नाहीत. पुस्तक निवडताना मधलंच एक पान उघडा. दुसरीच्या मुलासाठी त्यावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको आणि अक्षर हातभर अंतरावरून सहज वाचता आलं पाहिजे. मुलासाठी पाच बोटांची कसोटी पुरते: एक पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक सध्या अवघड आहे, ते बाईंनी वाचून दाखवायच्या ढिगात ठेवा.

तीन-चार शिक्षकांनी मिळून प्रकाशकाकडे एकच मागणी नोंदवली, तर सवलत मागायला तोंड राहतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर तिथेच विचारा. पार्सल टपालाने येणार असेल तर ‘ज्ञान पोस्ट’ने पाठवायला सांगा. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर असा ठेवला गेला. पातळ चित्रपुस्तक शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पस्तीस पुस्तकं एका पार्सलात मावतात.

छापायचं, पण जपून

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवता येतात आणि त्या छापून वर्गात वापरायला मोकळीक आहे. गोष्टींना चार स्तर आहेत. पहिला स्तर २५० शब्दांपर्यंत, दुसरा ६०० पर्यंत. सापळा असा, की सोळा पानं झेरॉक्सवाल्याकडे रंगीत काढली आणि तो पानाला दहा रुपये घेत असला, तर १६० रुपये झाले. तेवढ्यात नवीन दोन-तीन पुस्तकं येतात. तेव्हा काळ्या-पांढऱ्या प्रती काढा आणि चित्रं मुलांना रंगवू द्या. एका ए-फोर कागदावर दोन पानं, दोन्ही बाजूंनी, ‘बुकलेट’ पर्याय निवडून काढलं, तर सोळा पानांना चारच कागद लागतात. दुकानदाराला कागद आखूड कडेवर उलटायला सांगा. लांब कडेवर उलटला तर मागची पानं उलटी येतात. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, तिथे वाचणाऱ्या मुलांनी नावं लिहावीत. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा, मग बाकीच्या.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. चौथीच्या पुढच्या वर्गांना ते फार उपयोगी पडतात, विशेषतः कोडी आणि विज्ञानाची पानं.

मागून आणायचं

घोडबंदर रोड, नेरूळ, खारघर इथल्या मोठ्या सोसायट्यांत दोन मोसम चांगले: वार्षिक परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत. सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि सूचनेत नेमकं लिहा: ‘सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी, हिंदी गोष्टींची पुस्तकं हवीत. पाठ्यपुस्तकं, गाइड, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं नकोत.’ हे शेवटचं वाक्य गाळलंत तर अर्धा खोका गाइडांनी भरतो. खोका वॉचमनच्या केबिनजवळ ठेवा आणि रविवारी संध्याकाळी स्वतः जाऊन उचला. आठवडाभर राहिला तर रद्दीवाल्याकडे जातो.

रद्दीवाल्याला सांगून ठेवलं की तो मुलांची पुस्तकं बाजूला काढतो. किलोच्या भावाने घ्या, पण प्रत्येक पुस्तक झटकून, पानं उलगडून. मधल्या शिवणीत चंदेरी कसर (कागद खाणारी कीड) दिसली किंवा कागदाला बारीक भोकं असली, तर ते पुस्तक घरी आणूच नका. नकाशाचं पुस्तक असेल तर महाराष्ट्राचं पान काढा. पालघर ठाणे जिल्ह्यातच दाखवलं असेल तर नकाशा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा आहे. ठाण्याच्या मुलाच्या हाती तो नको. सूर्यमालेत नऊ ग्रह असतील तर पुस्तक २००६ च्या आधीचं समजा.

शिवण, मांडणी, दमट हवा

पातळ पुस्तकाच्या कण्यावर दोन पिना असतात आणि खाडीच्या हवेत त्या दोन पावसाळ्यांत गंजतात. आधी भोवती तपकिरी डाग, मग मधलं पान सुटतं. पुस्तक आल्याबरोबर पिना काढून टाका आणि शिवून घ्या. मधलं पान उघडं ठेवून घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मध्यावर आणि दोन कडांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. गोधडीचा जाड सुती दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना ठेवून गाठ मारा. दोरा कण्याच्या दिशेनेच ओढा, आडवा ओढलात तर कागद चिरतो. पाचवीची मुलं हे सहज करतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि तिचा गोंद शेजारच्या पानाला चिकटतो. पातळ कागदाची पट्टी आणि थोडं फेव्हिकॉल पुरे. पिठाची खळ तर नकोच, तिच्यावर झुरळं आणि कसर येतात.

खाकी कव्हर घालू नका. मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतं. त्यासाठी भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी आठ-दहा पुस्तकं समोरून दिसतील अशी लावा आणि दर सोमवारी बदला. उरलेल्यांसाठी आंब्याच्या लाकडी पेट्या उत्तम. मोसम सरताना वाशीच्या फळबाजारात त्या स्वस्तात मिळतात. खिळे ठोकून बसवा, आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लाकडातून भुसा पडत असेल तर ती पेटी टाका. फळ्यांमधल्या फटींतून हवा खेळते, आणि जून ते सप्टेंबर तीच हवी असते. पेटी ओल आलेल्या भिंतीपासून चार बोटं लांब, विटांवर उचलून ठेवा. पुस्तकं उभी आणि सैल. बुरशी आली तर पुस्तक वर्गाबाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झटका आणि सावलीत वाळवा. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या वर्गात ठेवू नका, पोटात गेल्या तर विष आहे.

नोंदीला दोनशे पानी वही बस झाली. पुढून दाखल क्रमांक, नाव, कुठून आलं, किंमत. मागून प्रत्येक मुलाचं एक पान. देवघेव आठवड्याला दोन मुलांकडे द्या. दहातलं एक पुस्तक वर्षात हरवेल किंवा फाटेल असं धरूनच चला आणि त्याचा दंड लावू नका. दंडाच्या भीतीने मुलं पुस्तक घरी नेणंच बंद करतात.

मेच्या सुट्टीत पुस्तकं बंद लोखंडी कपाटात कोंबून जाऊ नका. जमेल तेवढी मुलांच्या घरी द्या, प्रत्येकी दोन, वहीत नोंद करून. उरलेली पेटीत, वर सुती कापड टाकून. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मोजणी करा आणि त्याच दिवशी शिवणी तपासा.