गाडीतले विसरलेले ब्रेक ऑईल, कुलंट आणि गिअर ऑईल बदलताना

इंजिन ऑईल बदलण्याची आठवण गॅरेजवाला करून देतो आणि पेट्रोल संपत आले की काटा सांगतो. पण ब्रेक ऑईल, कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि गिअर ऑईल यांच्या वतीने बोलणारे कोणी नसते. ब्रेक ऑईलची पातळी घसरली तर दिवा लागतो हे खरे, परंतु पातळी कायम राहून ते आतल्या आत खराब झाले, तर त्याचा दिवा कोणत्याही साध्या गाडीत नसतो. गोव्यात फोंड्याजवळ राहणाऱ्या मी काही वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांची छोटी गाडी विकत घेतली, तेव्हा तिच्या सर्व्हिस पुस्तिकेत ब्रेक ऑईलपुढे दरवेळी ‘तपासले’ अशी खूण होती आणि ‘बदलले’ असे एकदाही लिहिलेले नव्हते. या तिन्ही द्रवांची कामे मी अंगणात स्वतः केली. त्यांतून आलेली पहिली सूचना अशी की, काढलेला द्रव लगेच फेकू नये. तो पांढऱ्या टबात धरावा, पारदर्शक बाटलीत भरून एक रात्र स्थिर ठेवावा आणि सकाळी उन्हात धरून पाहावा. तळाशी काय बसले आणि गिअर ऑईलमधून पाणी वेगळे झाले का, हे पाहिल्याशिवाय काम संपले समजणे म्हणजे रक्त तपासायला देऊन अहवाल न वाचण्यासारखे आहे.

ब्रेक ऑईलपासून सुरुवात करावी, कारण धोका तिथे सर्वांत जास्त आहे. त्याला ऑईल म्हणण्याची पद्धत असली तरी ते तेल नव्हे. डॉट 3 आणि डॉट 4 (बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑईलचे प्रकार) हे ग्लायकॉल वर्गातले द्रव असून ते हवेतील ओलावा शोषून घेतात. जून ते सप्टेंबर या काळात ज्या प्रदेशात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, तिथे रबरी नळ्या आणि टोपण यांच्यामधून आत शिरणारा ओलावा किती असेल, हे वेगळे सांगायला नको. प्रमाणानुसार ताजे डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीकडे येताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याच्या गाडीत असे पाणीदार द्रव उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल स्पंजासारखे खाली जाते, पण चाक थांबत नाही. घाटाच्या पायथ्याशी गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक लागते, त्यामुळे मालकाला वाटते की आपल्याला भास झाला.

प्रत्यक्ष कामात प्रथम मोठ्या सिरिंजने टाकीतले जुने द्रव उपसून टाकी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि लगेच नव्या द्रवाने भरावी. मग मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब द्रवाला देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांब असलेल्या चाकाकडून हवा काढण्यास सुरुवात करावी. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे चाक असते, तरी काही गाड्यांमध्ये क्रम वेगळा असल्याने पुस्तिका पाहावी. त्या चाकाच्या निपलला (ब्रेकमधले द्रव बाहेर काढण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे नवीन द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल हळू दाबून धरावे, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावे, काळे द्रव आले की निपल घट्ट करावे आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. नळीतला रंग मधासारखा स्वच्छ होईपर्यंत हे चालू ठेवावे आणि मधून मधून टाकी भरत राहावे. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत टाकी रिकामी होऊन हवा आत शिरली, तर ती काढायला संगणक जोडणारा मेस्त्री शोधावा लागतो. जुन्या गाडीत पेडल पूर्ण खालपर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षे वापरात नसतो तिथे गंज धरलेला असतो, त्यावरून रबर घासले की ते फाटते आणि बदललेल्या द्रवाबरोबर सिलिंडरचाही खर्च येतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की पाय आपोआप थांबतो.

माझ्या गाडीतून निघालेले द्रव बिनदुधाच्या चहासारखे होते आणि सकाळी बाटलीच्या तळाशी काळ्या रबराच्या बारीक कणांची रेघ दिसली. चोडणच्या फेरीबोटीतून नियमित ये-जा करणाऱ्यांच्या चाकांना भरतीच्या वेळी उतारावर खारे पाणी लागते, त्यामुळे निपल सुटण्याऐवजी तुटण्याची शक्यता बरीच असते. रबरी टोपी काढून गंज काढणारे द्रव आदल्या रात्री त्यावर मारावे आणि सहा कोनांचा रिंग पाना वापरून काम करावे. ब्रेक ऑईल रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते. उघडलेल्या बाटलीतले उरलेले द्रव पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, हेही ध्यानात असावे. अनेक उत्पादक दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलण्यास सांगतात आणि आपल्या हवेत तो काळ पाळलेला बरा.

कुलंटविषयी इथे एक ठाम समज आहे: गोव्यात पाणी गोठत नाही, मग कुलंट हवे कशाला? गोठण्याचा प्रश्न नाही हे मान्य. पण निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे 107 अंशांना उकळते, त्यावर टोपणाचा दाब आला की ही मर्यादा आणखी वाढते, आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियम, लोखंड व सोल्डर यांना पाण्यापासून वाचवतात. ही द्रव्ये काही वर्षांत संपतात. नंतर उरते ते रंगीत पाणी. विहिरीचे पाणी भरत गेलेल्या गाडीतून चिऱ्याच्या रंगाचा गढूळ द्रव बाहेर येतो आणि टोपणाच्या खालच्या रबराला चिकट गाळ लागलेला असतो. हिरव्या, तांबड्या आणि निळ्या कुलंटमध्ये रंगावरून जोडी लावू नये, कारण रंगाला एकच प्रमाण नाही. दोन वेगवेगळ्या प्रकारांच्या मिश्रणातून जेलीसारखा गोळा होऊ शकतो.

इंजिन पूर्ण थंड असल्याखेरीज रेडिएटरचे टोपण उघडू नये. ही सूचना सगळे वाचतात आणि घाईच्या वेळी विसरतात. रेडिएटर रिकामा केल्यावर हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे. गोव्यात ते कोणीच फिरवत नसल्यामुळे कित्येक गाड्यांत हीटरमधला गाळ सर्वांत जुना असतो. नळाच्या पाण्याने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे, शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची असावी. इथे हिशेबात एक चूक सर्रास होते. समजा, पुस्तिकेनुसार क्षमता 5 लिटर आहे आणि बाहेर आले 3 लिटरच. म्हणजे इंजिनच्या पोटात 2 लिटर पाणी शिल्लक आहे. तयार मिश्रण भरले तर ते पातळ होते, म्हणून आधी 2.5 लिटर, म्हणजे क्षमतेच्या निम्मे, पाणी न मिसळलेले शुद्ध कुलंट घालून उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. त्यानंतर गाडीचे नाक थोडे चढावर ठेवून इंजिन चालू करावे, पंखा दोनदा लागू द्यावा आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. धुतल्यानंतर आठवड्याने रेडिएटर गळू लागला तर दोष धुण्यावर ढकलण्याचे कारण नाही. भोक आधीच होते, ते गंजाने बुजवून ठेवले होते.

गिअर ऑईलची गोष्ट सर्वांत शांत आहे, म्हणूनच ते सर्वांत जास्त विसरले जाते. पहिला नियम: काढण्याचा बोल्ट उघडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सैल होतो का, ते पाहावे. मी हे केले नाही. गिअरबॉक्स रिकामा झाला, भरण्याच्या बोल्टचे कोन घसरून गोल झाले आणि गाडी दोन दिवस अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने बोल्ट सोडवण्याचे आपापले उपाय सांगितले आणि अखेर गावातल्या वेल्डरने त्यावर नट चिकटवून तो काढून दिला.

गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून तेल कोमट करावे आणि जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर सपाट ठेवावी. तेल निघाल्यावर चुंबक असलेल्या बोल्टवर करड्या रंगाचा, बोटाने पसरणारा मऊ लेप दिसतो. तो नेहमीच्या झिजेचा असून घाबरण्याचे कारण नाही. नखात टोचतील असे कण किंवा गिअरच्या दाताचा तुकडा सापडला, तर मात्र नवीन तेल भरून समाधान मानू नये. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. मुसळधार पावसात तुंबलेल्या रस्त्यातून जाताना गरम गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट) जर पाण्याखाली असेल तर तो पाणी आत ओढून घेतो. अशा वेळी स्वस्त तेल भरून थोडे चालवून पुन्हा बदलावे आणि ब्रीदरची नळी तपासावी. तेल निवडताना जीएल-5 वर्गाचे तेल जीएल-4 वर्गापेक्षा आकडा मोठा म्हणून चांगले समजू नये. जीएल-5 मधील जादा गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांमुळे काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझरना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होतो. पुस्तिकेत लिहिलेला वर्गच घ्यावा, वॉशर नवीन घालावा आणि भरण्याच्या भोकातून थेंब पडेपर्यंत तेल भरावे. स्कूटरच्या मागच्या गिअरमध्ये जेमतेम 100 ते 120 मिलीलिटर तेल असते, त्यामुळे थोडी गळतीही तिथे लगेच महाग पडते.

ऑटोमॅटिक गाडीचे द्रव घरी बदलण्याचा मोह आवरावा. बऱ्याच गाड्यांत पातळी विशिष्ट तापमानाला, इंजिन चालू ठेवून मोजायची असते आणि सीव्हीटीला (ठरावीक गिअरांशिवाय चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकाराला) तिचेच द्रव लागते. तांबडे द्रव काळपट होऊन जळका वास येत असेल, तर मेस्त्रीशी बोलावे.

आता टबात उरलेल्या द्रवाचा प्रश्न. आमच्याकडे जळके ऑईल वाशांना आणि दारांना वाळवीसाठी फासायची जुनी चाल आहे आणि उरलेले कुंपणाकडेला ओतले जाते. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा नियमांत घातक कचऱ्यात मोडते, आणि पावसाळ्यात कुंपणाकडून विहिरीकडे जाणारा उतार बहुतेक घरांत असतो. मी ते झाकणाच्या डब्यात साठवून, ते संकलकाला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. कुलंट वेगळ्या डब्यात ठेवावे, कारण एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि अंगणात ठेवलेल्या उघड्या टबातून कुत्र्याने दोन घोट घेतले तरी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.