मंगळवारची पेज : वृद्धांच्या मानसिक आरोग्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

बीएस्सी नर्सिंगनंतर मनोरुग्ण परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा केला आणि सिंधुदुर्गात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात लागले. हे लिहितेय ते नुकत्याच रुजू झालेल्या नर्स, समुदाय आरोग्य अधिकारी, सामाजिक कार्यकर्ते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले तरुण डॉक्टर यांच्यासाठी. नैराश्य, स्मृतिभ्रंश आणि डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ, यांतला फरक सांगणारा तक्ता तुम्ही पाठ केला असेल. मीही केला होता. तरी नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून जे झालं, ते सांगायला हवं.

गणपती होऊन चारेक दिवस झाले होते. एका वाडीतल्या सुनेने आशाताईंकडे निरोप दिला, सासू जेवत नाही, बोलत नाही. मी शुक्रवारी गेले. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. आठ दिवस घरात वीसेक माणसं होती, आता सासू-सून दोघीच. मुलगा मुंबईला परतला होता. मी विचारलं तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, “घर खावक उठता. माका हयच पडांदे.”

मला वाटलं, सगळं उलगडलं. चाकरमानी गेले, घर रिकामं झालं, म्हातारीने हाय खाल्ली. मी पंधरा प्रश्नांची वृद्धांची नैराश्य मापनपट्टी काढली. आजी काही प्रश्नांना मान हलवत होत्या, काहींना नुसत्या बघत होत्या. जिथे उत्तर आलं नाही तिथे सुनेला विचारून मी खूण केली. अकरा गुण झाले. कागदावर ‘नैराश्य’ लिहिलं. आमच्या डॉक्टरांनी माझ्या नोंदीवर विश्वास ठेवून नैराश्यावरची अमिट्रिप्टिलीनची गोळी रात्री एक अशी सुरू केली.

निघताना पडवीत सून म्हणाली होती, “मंगळवारी आईनीच पेज केल्यानी हो.” मी ऐकलं, मान डोलावली आणि लिहिलं नाही.

या एका वाक्यात सगळं निदान होतं. मंगळवारी स्वतः चुलीशी बसून पेज करणारी बाई शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून पडते, हे नैराश्य नव्हे. नैराश्य आठवड्यांनी चढतं, स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी. तासा-दिवसांत माणूस बदलला तर तो डेलिरियम आहे असं धरूनच चालायचं आणि शरीरात कारण शोधायचं.

रविवारी आजी कोणाला ओळखेनात. गोधडीचे धागे चिमटीत धरून ओढत होत्या, दुपारी मला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या ज्येष्ठ सिस्टरने पहिलं काय केलं, तर ओटीपोटावर हात ठेवला. मूत्राशय नारळासारखं टणक लागत होतं. कॅथेटर घातल्यावर जवळजवळ एक लिटर लघवी आली, गढूळ आणि उग्र वासाची. गर्दीत सर्दी झाली म्हणून आजी आठवडाभर मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या घेत होत्या, क्लोरफेनिरामीनच्या. त्याने बद्धकोष्ठ झालं, लघवी अडली, अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला आणि मेंदू गोंधळला. त्यावर माझ्या नोंदीमुळे सुरू झालेलं अमिट्रिप्टिलीन त्याच गुणधर्माचं औषध. मज्जासंस्थेतल्या अॅसिटिलकोलीनला अडवणारं. लघवी आणखी अडवणारं, मेंदू आणखी गोंधळवणारं. म्हणजे मी आजार नुसता चुकवला नाही, वाढवला.

आजी बऱ्या झाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तू जेवलंस?” त्या वेळी मला रडू आवरलं नाही.

आपल्याकडे तापात बडबडणाऱ्या माणसाला ‘वात झाला’ म्हणतात, तेवढा डेलिरियम घरच्यांनाही कळतो. ओरडणारा, सलाईन उपटणारा रुग्ण कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. सुटतो तो शांत डेलिरियम. गप्प पडून राहणारा, कोणाला त्रास न देणारा. वॉर्डात अशा आजीला ‘शहाणी पेशंट’ म्हणतात आणि ती आतून विझत असते. म्हणून तीन गोष्टी विचारल्याशिवाय कागदावर कुठलंही निदान लिहू नका. कधीपासून? नेमका वार विचारा. ‘बरेच दिवस’ या उत्तरावर थांबू नका, शेवटचं स्वतः काय रांधलं, अंगणातली फुलं शेवटची कधी काढली, असं विचारा. दिवसात कमी-जास्त होतं का? आणि लक्ष टिकतं का? यातला लक्षाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नैराश्यातला माणूस कंटाळत, हळूहळू, पण उलटे वार म्हणतो. डेलिरियममधला शनिवार, शुक्रवार म्हणतो आणि हरवतो, किंवा पुन्हा रविवार, सोमवार असा सुलटा चालू लागतो. मी वार झाल्यावर महिनेही उलटे म्हणायला लावते, फाल्गुन, माघ, पौष. जानेवारी-डिसेंबर कित्येक आज्यांना कधीच पाठ नव्हते, तिथे अडल्या म्हणून मेंदूला दोष देऊ नका.

हेच स्मृतीच्या चाचणीचं. 1975 पासून जगभर वापरली जाणारी एमएमएसई चाचणी वाक्य लिहायला सांगते, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. शाळेची पायरी न चढलेली बाई तिथे गुण घालवते आणि कागदावर स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरते. अशिक्षितांसाठी हिंदीत बेतलेली एचएमएसई आहे, तिच्या धर्तीवर विचारायला शिका. तारीख विचारण्याऐवजी एकादशी झाली का, कापणी लागली का, गणपती होऊन किती दिवस झाले हे विचारा. माझ्या अनुभवात घरातली माणसं जे सांगतात ते चाचणीपेक्षा खरं ठरतं. पण मापनपट्टीवरची उत्तरं मात्र रुग्णाचीच हवीत. सुनेला विचारून खुणा करणं हा मी केलेला दुसरा गुन्हा.

घाबरू नका मात्र. ही चूक एकदा कळली की पुन्हा होत नाही, आणि पहिल्या वर्षी असं काही न घडलेली सिस्टर मी पाहिलेली नाही.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत कडक आहे. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर पैसे घालू नका. दोन दिवस स्लाइड बघून ओटीपोटावर हात ठेवायची आठवण येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक आजारांवरचं एमएच-गॅप मार्गदर्शक फुकट मिळतं, त्यातली नैराश्य आणि स्मृतिभ्रंश ही दोन प्रकरणं पानं झिजेपर्यंत वाचा. डॉक्टर असाल आणि यातच पुढे जायचं असेल तर मानसोपचारात एमडी करून वृद्ध मनोविकारांकडे वळता येतं; लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. बाकीच्यांनी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा पलीकडे गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयात काही दिवस वॉर्डात उभं राहायची संधी मिळाली तर सोडू नये. आणि शिकवणारा निवडताना एकच पाहा, तो म्हाताऱ्या रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी खाटेवर ओतून मोजतो का. नुसता केसपेपर वाचून बोलणाऱ्यांकडून मी काहीच शिकले नाही, त्यांचं नाव कितीही मोठं असो.

पिशवी ओतणं हे कामच आहे. रक्तदाबाच्या, सांध्याच्या, झोपेच्या, सर्दीच्या गोळ्या, शिवाय शेजारणीने दिलेल्या. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळीवर नैराश्याची एसएसआरआय गोळी सुरू केली की सोडियम उतरू शकतं आणि आजोबा पुन्हा गोंधळतात. ज्यांना स्पष्ट माणसं-मुलं दिसतात, चाल जखडते आणि दिवसागणिक भान बदलतं, त्यांना लेवी बॉडी स्मृतिभ्रंश असू शकतो. तिथे भास आवरायला दिलेल्या हॅलोपेरिडॉलने माणूस लाकडासारखा ताठ होतो. औषध थोड्या मात्रेने सुरू करायचं, हळूहळू वाढवायचं. डॉक्टर घाईत असले तर पिशवीतली नावं वाचून दाखवायचं धाडस तुम्ही करा.

खरं नैराश्यही आपल्याकडे भरपूर आहे, ते मात्र ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाला हाती लागत नाही. म्हातारी माणसं शरीर सांगतात. हातापायांची आग होते, पोटात कालवतं, जीव लागत नाही. आठवडे झाले असतील, झोप पहाटे तीनला मोडत असेल, नातवाच्या फोननेही चेहरा हलत नसेल, तर जीव द्यायचे विचार मनात येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने कुणी जीव देत नाही. आंब्याच्या कलमांवर फवारायचं औषध घरात कुठे ठेवलंय हेही त्याच भेटीत विचारा आणि कुलपात ठेवायला लावा. रात्रीबेरात्री घरच्यांना 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून. हे नैराश्य औषधाने आणि सोबतीने उतरतं, या वयातही. मी ते पाहिलंय, म्हणून छातीठोक सांगते.

कुणी आधी देवाकडे गाऱ्हाणं घातलं असेल, भगताकडे जाऊन आले असतील, तर चिडू नका. तेवढ्यासाठी घर तुटलं तर पुढच्या वेळी तुम्हाला बोलावणारच नाहीत. गाऱ्हाणंही होऊ दे, लघवीची तपासणीही होऊ दे, असं मी म्हणते.

त्या आजींकडे मी अजून जाते. मधल्या काळात त्यांना खरंच विसरायला लागलंय, हळूहळू, दोन वर्षांत. या वेळी वहीत पहिल्या भेटीपासूनचे वार आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी फाल्गुनपासून मागे जात भाद्रपदापर्यंत महिने बरोबर म्हटले आणि मग थांबून म्हणाल्या, “ह्या म्हयन्यात गणपती.” सून माझ्याकडे बघत होती. मी ‘भाद्रपदापर्यंत’ असं लिहून घेतलं आणि मग सुनेला विचारलं, तिला स्वतःला रात्री झोप किती तास मिळते ते.