कॅशे ड्राइव्ह आणि शेअर: घरच्या स्टोरेज सर्व्हरवर फाइल नेमकी कुठे जाते

घरच्या स्टोरेज सर्व्हरवर ‘अनरेड’ ही प्रणाली नव्याने वापरू लागलेल्यांचा गोंधळ बहुधा ‘कॅशे’ या शब्दापासूनच सुरू होतो. ब्राउझरची कॅशे म्हणजे जवळ ठेवलेली प्रत. ती पुसली तरी मूळ माहिती शाबूत राहते. अनरेडच्या कॅशे ड्राइव्हवर असलेली फाइल मात्र प्रत नसते, तीच मूळ आणि एकमेव फाइल असते. हे लक्षात आल्याखेरीज पुढील कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

मग ही ड्राइव्ह लागते कशासाठी? अनरेडच्या अ‍ॅरेमध्ये (म्हणजे मुख्य साठवणुकीच्या डिस्कच्या समूहात) प्रत्येक डेटा डिस्कची फाइल सिस्टिम स्वतंत्र असते आणि त्या सर्वांच्या रक्षणासाठी पॅरिटी डिस्क (बंद पडलेल्या डिस्कवरची माहिती पुन्हा उभी करता यावी यासाठीचा हिशेब ठेवणारी डिस्क) असते. नेहमीच्या पद्धतीने अ‍ॅरेवर काही लिहायचे झाले, की आधी जुना मजकूर आणि जुनी पॅरिटी वाचावी लागते आणि त्यानंतर नवा मजकूर आणि नवी पॅरिटी लिहावी लागते, म्हणजे एका लेखनासाठी डिस्कवर ४ कामे होतात. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास माहिती येऊ शकते, पण फिरत्या डिस्कना या पद्धतीने तो वेग सहसा पेलवत नाही. म्हणून येणारी फाइल आधी वेगवान एसएसडीवर उतरवून घ्यायची आणि नंतर, सर्व्हर निवांत असताना, अ‍ॅरेवर हलवायची, अशी ही योजना आहे. हलवण्याचे काम ‘मूव्हर’ नावाचा प्रोग्राम करतो. त्याची मूळ वेळ रोज पहाटे ३.४० ही आहे.

आता शेअर. शेअर हा कोणत्याही एका डिस्कवरचा फोल्डर नसतो. अ‍ॅरेच्या ३ डिस्कवर आणि कॅशेवर ‘छायाचित्रे’ नावाचा फोल्डर असेल, तर त्या चारही ठिकाणच्या फाइली नेटवर्कवर एकाच फोल्डरमध्ये एकत्र दिसतात. त्यामुळे मूव्हरने रात्रीतून फाइल हलवली, तरी तिचा शेअरमधील पत्ता बदलत नाही आणि वापरणाऱ्याला काही जाणवतही नाही.

प्रत्यक्ष मांडणी करताना ‘शेअर्स’ हे पान उघडून हव्या त्या शेअरच्या नावावर क्लिक करावे. आवृत्ती ६.१२ पासून तेथे ‘प्रायमरी स्टोरेज’, ‘सेकंडरी स्टोरेज’ आणि ‘मूव्हर अ‍ॅक्शन’ असे तीन पर्याय दिसतात. (त्याआधी हेच काम येस, नो, ओन्ली आणि प्रिफर या चार शब्दांत उरकले जात असे, आणि त्यातील येस व प्रिफर यांची अदलाबदल होणे ही नेहमीचीच चूक होती.) प्रायमरी म्हणजे नवी फाइल जिथे प्रथम लिहिली जाते ती जागा. छायाचित्रे, चित्रपट, कागदपत्रे यांच्या शेअरसाठी प्रायमरी कॅशे, सेकंडरी अ‍ॅरे आणि मूव्हरची दिशा कॅशेकडून अ‍ॅरेकडे ठेवावी. डॉकरमधील (प्रोग्राम स्वतंत्र, बंदिस्त कप्प्यांत चालवणाऱ्या सुविधेतील) प्रोग्राम ज्यात आपली माहिती ठेवतात त्या ‘अ‍ॅपडेटा’ शेअरसाठी दिशा उलट, म्हणजे अ‍ॅरेकडून कॅशेकडे, ठेवावी किंवा सेकंडरी जागा देऊच नये, कारण ती माहिती सतत लिहिली-वाचली जाते आणि ती अ‍ॅरेवर गेल्यास डिस्कना थांबून विश्रांती घेण्याची संधीच मिळत नाही.

यानंतर कॅशेसाठी ‘मिनिमम फ्री स्पेस’ अवश्य भरावी. फाइल तयार होताना ती किती मोठी होणार आहे हे सर्व्हरला ठाऊक नसते. तो केवळ मोकळी जागा या आकड्यापेक्षा जास्त आहे की नाही एवढेच पाहतो, आणि जागा कमी असल्यास नवी फाइल सेकंडरी जागेवर पाठवतो. ५० गिगाबाइटची फाइल येणार असेल आणि मर्यादा १० गिगाबाइटची असेल, तर कॉपी अर्ध्यावरच अडकू शकते. म्हणून हा आकडा आपल्या सर्वांत मोठ्या फाइलपेक्षा ऐसपैस ठेवावा.

नवे वापरकर्ते सर्वाधिक अडखळतात ते सेटिंग बदलताना. एखाद्या शेअरची प्रायमरी जागा थेट अ‍ॅरे केली, तर आधीच कॅशेवर असलेल्या फाइली तिथेच पडून राहतात, कारण अशा शेअरकडे मूव्हर फिरकत नाही. योग्य क्रम असा: प्रथम दिशा कॅशेकडून अ‍ॅरेकडे करावी, मूव्हर हाताने चालवावा, कॅशेवर त्या शेअरची फाइल उरली नसल्याची खात्री करावी आणि मगच प्रायमरी बदलावी. मूव्हर उघड्या फाइली हलवत नाही, त्यामुळे अ‍ॅपडेटा हलवायचा असल्यास आधी सेटिंग्जमधून डॉकर आणि आभासी यंत्रांची सेवा बंद करावी लागते.

एक सावधगिरी. डिस्कच्या थेट पत्त्यावरून त्याच शेअरच्या पत्त्यावर कधीही कॉपी करू नये. दोन्ही पत्ते एकाच फाइलकडे जात असल्याने ती वाचली जाण्यापूर्वीच रिकामी होऊ शकते. डिस्कवरून डिस्कवर किंवा शेअरवरून शेअरवर कॉपी करण्यात हा धोका नाही.

पॅरिटीचे संरक्षण केवळ अ‍ॅरेला असते. एकच एसएसडी कॅशे म्हणून लावली असेल आणि ती दुपारी बंद पडली, तर सकाळपासून आलेल्या सर्व फाइली जातात. अ‍ॅपडेटा तर कायमचाच तिथे असतो. म्हणून शक्य असल्यास दोन एसएसडींचा बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमचा, एकमेकींची प्रत ठेवणारा पूल (एकत्रित गट) करावा. ते जमत नसेल, तर ज्या फाइली पुन्हा मिळवता येणार नाहीत त्यांच्या शेअरसाठी कॅशे वापरू नये आणि संथ लेखन पत्करावे.